कडलहाळात माणसे राहतात काय, याचा खुलासा

कडलहाळ,
श्रावण वद्य पंचमी, शके १८५६

तीर्थस्वरूप दादासाहेबांचे सेवेसी भीमाशंकराचा कृतानेक साष्टांग नमस्कार. (साष्टांग पत्रातच बरा. समक्ष घालायचा तर आपली ओसरी नुकतीच सारवलेली असते आणि माझे धोतर नुकतेच धुतलेले असते.) आपले गुडघे कसे आहेत? मातोश्रींचा डोळा? वहिनींचा उजवा खांदा, जो मी पाहुणा म्हणून आलो की हटकून धरतो, तो सध्या सुटला असेलच. येथील क्षेम विचाराल तर मी हयात आहे. कडलहाळात चार महिने एकट्याने काढलेल्या गृहस्थाने याहून जास्त क्षेम लिहिले तर ती फुशारकी होईल.

आपले पत्र पोचले. वकिलाचे पत्र ते, क्रमांक घालून आठ प्रश्न: घर कसे, पाणी कसे, शेजार कसा, खाण्यापिण्याचे काय, औषधपाणी कोण देतो, विंचवांचे प्रमाण काय, नोकरी कायम केव्हा, आणि आठवा, 'एकंदरीत तेथे माणसे राहतात काय?' पहिले सात आपले आहेत. आठवा आपल्या भगिनीचा, सौ. अंबुबाईंचा आहे, तो आवाज मी अठरा वर्षे ऐकतो आहे. यंदाचा वैशाख अधिक. अधिक महिन्यात सासुरवाडीने जावयाला बोलावून तेहतीस अनारशांचे वाण द्यावे ही रीत. येथे जावई कडलहाळातच राहिला आणि त्याच्या वतीने वाण घ्यायला त्याची बायको गेली. 'आठ दिवसांत येते' म्हणाली. अनारसे आले नाहीत, तीही आली नाही. आता आपण लिहिता, की नोकरी कायम झाल्याचे आणि जागा राहण्यासारखी असल्याचे मी लेखी कळवले तरच अंबूला पाठवू. एरवी तिने करमाळ्यासच राहावे आणि मी सुट्टीत येत जावे. दादासाहेब, मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. या वयात सुट्टीला बायको भेटायला जाणारा मनुष्य लोकांना एकतर फार सुखी वाटतो किंवा फार अपराधी. तेव्हा सगळे खरे तेच लिहितो. खोटे लिहून भागले असते, पण उलटतपासणीत आपला हात कोणी धरणार नाही हे मी जाणतो.

सोलापुराहून मंद्रूपापर्यंत मोटार आहे. चढ आला की उतारूंनी उतरून ती ढकलायची; उतार आला की देवाचे नाव घ्यायचे. मंद्रूपच्या पुढे बैलगाडी, आणि बैलांना वाटेल तेव्हा कडलहाळ. गावाच्या एका आळीत मराठी, दुसऱ्या आळीत कानडी, आणि बाजाराच्या दिवशी दोन्ही एकाच वाक्यात. येथले सरकीचे व्यापारी गुरुसिद्धप्पा यांच्या मनात वडिलांच्या नावे धर्मशाळा बांधायची होती. तेवढ्यात शेजारच्या गावी एकाने आपल्या वडिलांच्या नावे धर्मशाळा बांधली. तोडीस तोड म्हणून गुरुसिद्धप्पांनी खेड्यांतल्या मास्तरांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले. इमारत त्यांच्याच कापसाच्या वखारीची. अजून भिंतींतून कापूस निघतो, आणि शिकवणारा शिंकला की सत्तावीस विद्यार्थी आदराने टाक खाली ठेवतात. मी तेथे शिक्षणशास्त्र शिकवतो, हे आपण जाणताच. त्याचा उपयोग काय, हे आपण दर दिवाळीला विचारता.

कॉलेज आल्यापासून गावाला चढलेला रंग मात्र पाहण्यासारखा. न्हाव्याने बाभळीला 'कालेज हजामत' अशी पाटी ठोकली. गुळाच्या चहाचे दुकान 'कालेज हाटेल' झाले. बाळासो पाटलांचा एक गोऱ्हा आहे, अंगाने धष्टपुष्ट, खाण्यात कसूर नाही, औताला जुंपला की खाली बसतो. त्याला गावाने 'कालेज' हे नाव ठेवले आहे. परवा एक धनगर बिरप्पाच्या देवळापासून मेंढा ओढत माझ्या दाराशी आला आणि म्हणाला, 'ह्येचं काय बिनसलंय बगा की.' मी म्हटले, मी गुरांचा डॉक्टर नाही. तर म्हणाला, 'आवं, येवढं शिकलाय न्हवं? बगा तरी.' मी पाहिले. मेंढ्यानेही मला पाहिले. दोघांनाही काही निदान झाले नाही. (आपल्या पाचव्या प्रश्नाचे उत्तर यात आले. गावात औषध देणारा सध्या मीच.)

आता घर. घर धाब्याचे आहे, म्हणजे वर सपाट मातीचे छत. पाऊस शिंपडून गेला की छतावर गवत उगवते, आणि ते खायला शेळ्या चढतात. खाली आपण बालमनाचा विकास वाचत असावे आणि वरून खुरांचा विकास ऐकू यावा, असा प्रकार. चहात माती पडते. पहिल्या महिन्यात मी तो चहा ओतून देई. दुसऱ्या महिन्यात माती तेवढी काढी. हल्ली ढवळून घेतो. घरमालकीण बसव्वा शेजारच्याच सोप्यात राहते. साठीची, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि आवाज असा की तिने कोंबडीला हाक मारली तरी कॉलेजातले दोघेचौघे उठून उभे राहतात. विंचवाची तक्रार घेऊन मी तिच्याकडे गेलो होतो. म्हणाली, 'मास्तर, घरात इंचू न्हाय. हाय तो भितीत हाय. भितीचं भाडं तुमी देताय व्हय?' या युक्तिवादाला आपल्या कोर्टात काय उत्तर आहे ते जरूर कळवावे. अंबूने जाताना तिला 'यांच्याकडे जरा बघा हं' एवढे म्हटले होते. बसव्वाने ते हुकूमनामा म्हणून धरले. मी केव्हा न्हातो, किती खातो, टोपी न घालता उन्हात जातो का, या सर्वांवर तिचा पहारा असतो. शेजार कसा, याचे उत्तर 'सावध' असे लिहून घ्यावे.

पाण्याचे मात्र मान खाली घालून लिहितो. गावविहीर मचूळ आहे. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजत नाही. आपली भगिनी पडली करमाळ्याची, कमळाभवानीच्या शहाण्णव पायऱ्यांच्या विहिरीचा दिमाख पाहत वाढलेली. तिने येथून जाण्याची कारणे आपल्याला तीन सांगितली असतील: शेळ्या, विंचू, पाणी. चौथे सांगितले नसावे, कारण कुलीन बायका नवऱ्याची मूर्ख वाक्ये माहेरी नेत नाहीत. ते मीच सांगतो. चैत्रातल्या एका भर दुपारी तिने चार तास चूल फुंकून तुरीची डाळ शिजवत आणली. डोळे लाल, पदर काजळलेला. मी पहिला घास घेतला आणि शिक्षणशास्त्राच्या अध्यापकाला शोभेल अशा आवाजात म्हणालो, 'किंचित कच्ची आहे, पण प्रयत्न चांगला.' (हा शेरा आम्ही नापास विद्यार्थ्याच्या पाठावर मारतो.) तिने माझ्या पानात आणखी एक पळी डाळ वाढली, आणि दुसऱ्या दिवशी तिला अधिक महिन्याची आठवण झाली. ती गेल्यावर मी एकदा स्वतः डाळ चुलीवर चढवली. सकाळी चढवलेली डाळ दिवेलागणीला भांड्यात खडखडत होती. त्या दिवशी मला प्रयत्न म्हणजे काय ते कळले. त्यानंतर मी कुणाच्याही पाठावर तो शेरा मारलेला नाही.

आता नोकरी, कारण आपला सातवा प्रश्न तोच आणि अंबूचे येणे त्यावरच टांगलेले. आमच्या कॉलेजाला शिक्षणखात्याची मान्यता नव्हती. मान्यता नाही म्हणून आम्ही कोणीच कायम नव्हतो. आणि दिवाळीपर्यंत ती मिळाली नसती तर वखारीत पुन्हा सरकी भरली जाणार होती. खात्याने कळवले, की तिघांची कमिटी येईल. इमारत, वसतिगृह आणि गावातले राहणीमान पाहील. तारीख तुम्हीच सुचवा. आमचे प्रिन्सिपॉलसाहेब पुण्याकडचे, टापटिपीचे. त्यांनी विचार केला: सोमवारी बाजार, बाकीच्या दिवशी सरकीचे यंत्र, आणि कोणत्याही दिवशी वखारीच्या ओट्यावर कुणाची तरी म्हैस. म्हणून त्यांनी गुरुसिद्धप्पांना विचारले, की गाव अगदी शांत आणि स्वच्छ असा एखादा दिवस असतो का? गुरुसिद्धप्पा म्हणाले, 'हाय की, सायेब. आषाडातला शेवटचा मंगळवार धरा. चिटपाखरू हलत न्हाय त्या दिवशी. जातं वाजत न्हाय, धूर न्हाय, वरडाआरडा न्हाय, भांडान तर न्हायच न्हाय.' यातला शब्द न् शब्द खरा होता. साहेबांनी त्याच दिवशी तारीख लिहून पाठवली. गुरुसिद्धप्पांना मनातून नवल वाटले, पण सरकारी माणसांना मरीआईचे कौतुक असेल, असे समजून ते गप्प राहिले.

दादासाहेब, आपल्याकडेही कोठे कोठे वार पाळतात, पण येथले पाळणे कडक. आषाढाच्या शेवटच्या मंगळवारी सूर्य उगवण्यापूर्वी सबंध गाव वेशीबाहेर पडते. माणसे, गुरे, कोंबड्या, पाळण्यातली पोरे, सगळी. वेशीत बोराटीचे काटे लावतात. दिवसभर गावात चूल पेटवायची नाही, पाणी शेंदायचे नाही, केर काढायचा नाही. रानात तीन दगड मांडून स्वयंपाक, मरीआईला दहीभात, आणि दिवे लागताना परत. हे कोणी प्रिन्सिपॉलसाहेबांना सांगितले नाही, कारण सूर्य पूर्वेला उगवतो हेही कोणी कोणाला सांगत नाही. मला माहीत होते, पण कमिटीची तारीख मला माहीत नव्हती. साहेबांनी ती गुप्त ठेवली होती, म्हणजे आम्ही अध्यापकांनी नेहमीसारखेच वागावे.

त्या पहाटे बसव्वाने दार ठोठावले. 'मास्तर, उठा. गाव भाईर.' वासरू, कोंबड्या, पितळी आणि मी, या अनुक्रमाने तिने सगळे घराबाहेर काढले. वेशीपाशी येऊन पाहतो तो प्रिन्सिपॉलसाहेब कोट, पगडी, उपरणे अशा पूर्ण पोशाखात रस्त्यावर उभे. पंचांनी हात जोडून, अत्यंत नम्रपणे, त्यांना वखारीतून उचलून आणले होते. मला पाहून ते फक्त म्हणाले, 'आज कमिटी.' आणि दहाच्या सुमाराला खरोखरच मोटार आली. तिघे उतरले. अध्यक्ष लठ्ठ आणि दुःखी, गेली सात वर्षे बार्लीच्या पाण्यावर असलेले. दुसरे इंजिनिअर, खिशात मोजपट्टी. तिसरे आरोग्याचे डॉक्टर, त्यांचे नाक वास घेण्याच्या तयारीत. समोर काट्यांची वेस. आत निर्मनुष्य, निर्धूर, निःशब्द गाव. अध्यक्षांनी विचारले, 'येथील लोकसंख्या किती?' साहेब म्हणाले, 'आज?'

कॉलेजाचा शिपाई येडू तेथेच होता. म्हातारा, खांद्यावर घोंगडे, वखारीची किल्ली करगोट्याला. साहेब खेकसले, 'येडू, किल्ली!' येडूने किल्ली लगेच दाखवली. 'ही हाय की. पर आत जायाचं कुणी?' 'तू!' 'मी गेलो तर आई कोपंल. तुमी गेला तर तुमच्यावर कोपंल, पर पंच इचारणार मला.' अध्यक्ष पुढे झाले आणि म्हणाले, आम्हीच जातो. येडूने अदबीने वाट सोडली. 'जावा की, सायेब. येवडंच हाय, आज जो आत जाईल त्यानं सांजच्याला आईचा गाडा शिवेपातूर एकट्यानं वढायचा. रिवाज हाय.' गाडा शेजारीच होता. भरीव लाकडी चाके, वर कडुनिंबाचे डहाळे. अध्यक्षांनी गाड्याकडे पाहिले, आपल्या पोटाकडे पाहिले, आणि म्हणाले, की पाहणीची सुरुवात परिसरापासून करणे शास्त्रशुद्ध होईल.

परिसरात सारे गाव होते. ओढ्याकाठी चनबसप्पाच्या मळ्यात एक वड आहे. त्याखाली आमच्या सत्तावीस विद्यार्थ्यांनी तीन दगडांच्या चुली मांडल्या होत्या आणि बसव्वा हातात उलथणे घेऊन त्यांच्यावर देखरेख करत होती. एक जण पीठ सैल मळत होता, त्याला ती म्हणाली, 'भाकर थापतूस का भित लिंपतूस रं?' इंजिनिअरांना मोजायला इमारत नव्हती, आणि मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नव्हते. त्यांनी वडाची सावली मोजली. नव्वद फूट गुणिले सत्तर, चारही बाजूंनी हवा. डॉक्टरांनी गटारे शोधली. रानात गटार नसते, त्यांनी तसे टिपून घेतले. मग पाणी मागितले. मळ्यातली विहीर गोड्या पाण्याची, गावातली मचूळ. त्यांनी मळ्यातले प्यायले, आणखी एक तांब्या मागितला. वसतिगृहाचे गळके छप्पर, अंधारी खोली, ओट्यावरची म्हैस, यातले काहीही त्यांच्या दृष्टीस पडले नाही. म्हैसही रानातच होती आणि तेथे ती शोभत होती.

पंगत बसली. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगांची चटणी, वांगे, वर पुरणाचा कडबू. अध्यक्षांनी पिशवीतून बार्लीची बाटली काढली. बसव्वा समोर उभी राहिली. 'ऊटा माडरी,' म्हणाली, म्हणजे जेवा. अध्यक्षांना कानडी येत नव्हते, पण त्या सुराला भाषांतर लागत नाही. त्यांनी बाटली परत ठेवली. पहिली भाकरी त्यांनी भीत भीत खाल्ली, दुसरी विचारपूर्वक, तिसरी मागून. मी पानात वांग्याचा देठ टाकला म्हणून बसव्वाने मला सर्वांदेखत झापले, 'मास्तर, टाकायचं न्हाय. गप खावा. आनि डोस्क्याला फडकं बांदा, ऊन लागंल.' मी खाल्ले आणि बांधले. अध्यक्ष हे सगळे मोठ्या कौतुकाने पाहत होते. मग ते वडाखाली आडवे झाले. चार वाजेपर्यंत त्यांच्या घोरण्याखेरीज कॉलेजाची कोणतीही पाहणी झाली नाही. साहेब मात्र पगडी न काढता उभेच होते. उन्हाने नव्हे, नोकरी गेली या खात्रीने त्यांचा चेहरा काळवंडला होता. मीही तेच धरून चाललो होतो, आणि मनात आपल्याला लिहायच्या पत्राची जुळवाजुळव करत होतो. ते पत्र फार आखूड होते.

गेल्या गुरुवारी खात्याचा खलिता आला. मान्यता मंजूर! 'व्याख्यानासाठी प्रशस्त व हवेशीर जागा, उत्तम पाणी, गटारांचा पूर्ण अभाव, सकस अन्न, आणि ग्रामस्थांची कॉलेजाविषयी इतकी आस्था की पाहणीसाठी ते सहकुटुंब उपस्थित होते.' तेव्हा मी कायम झालो, दादासाहेब. वर अहवालाने मला वसतिगृहाचा सुपरिंटेंडेंटच धरले, म्हणून तोही झालो. मार्गशीर्षात कमिटी पुन्हा येऊन वसतिगृह तेवढे पाहणार आहे. प्रिन्सिपॉलसाहेबांनी लगेच पंचांना विनंती केली, की मार्गशीर्षातही एक वार पाळावा. पंच म्हणाले, आई खात्याच्या हुकमाने चालत नाही.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर राहिले. होय, येथे माणसे राहतात. आषाढातला एक मंगळवार सोडून रोज राहतात. मळ्यातले गोडे पाणी दोन घागरी रोज आमच्या घरी टाकायला चनबसप्पा कबूल झाला आहे, आणि त्या पाण्यात डाळ शिजते. मी तीनदा शिजवून पाहिली आहे. शेळ्यांचा बंदोबस्त नाही. आपला लोभ आहेच. तो नुसता वाढवण्यापेक्षा या वेळी थोडा खर्च करावा, ही विनंती. मातोश्रींना दंडवत, वहिनींच्या खांद्याला आराम.

आपला,
भीमाशंकर

ताजा कलम: एक मजकूर वर लिहायचा राहिला; म्हणजे टाळला. कमिटीच्या अहवालात असेही वाक्य आहे: 'स्वयंपाकघरावर सुपरिंटेंडेंटच्या पत्नी जातीने देखरेख ठेवतात, त्यांचा विद्यार्थ्यांवर व पतीवर सारखाच दरारा दिसला.' पंगतीत अध्यक्षांनी मला बसव्वाकडे बोट करून विचारले होते, 'आपल्या मंडळी वाटतं?' माझ्या तोंडात कडबू होता आणि तो नेमका कढत होता. मी मान हलवली ती 'नाही' म्हणून. ती कोणत्या दिशेने हलली हे आता अहवालावरून कळते. बसव्वाला हे वाचून दाखवले तेव्हा ती डोळे पुसेपर्यंत हसली आणि म्हणाली, 'चाळीस वर्सामागं इचारायचं हुतं, मास्तर. आता माजं गुडगं दुकत्यात.' पण सुपरिंटेंडेंट सहकुटुंब राहत असला पाहिजे अशी खात्याची अटच आहे. तेव्हा मार्गशीर्षापूर्वी माझ्याकडे खरी पत्नी हजर हवी. अध्यक्ष गोंधळले तर मी खरे काय ते सांगेन. ते सांगताना बायको शेजारी उभी असली तर मी चुकलेला माणूस ठरेन, नसली तर भामटा.

ता. क. दुसरा: वरचा ता. क. अंबूला दाखवू नये. खात्याला हवी म्हणून बोलावले असे तिला वाटेल. खाते मार्गशीर्षात येणार आहे. मला ती वैशाखापासूनच हवी आहे. हे वाक्य आपण वाचून दाखवले तरी चालेल, पण आपला आवाज कोर्टाचा आहे. तिलाच वाचू द्यावे.

ता. क. तिसरा: आणि तरीही ती निघेना, तर मी आजारी आहे असे सांगू नका, काढ्याची पुडी पाठवील. वाळलो असे सांगू नका, शेवया पाठवील. मी अगदी मजेत आहे, वेळेवर जेवतो, अंगाने भरलो आहे आणि कशाचीच तक्रार नाही, असे सांगा. ती दुसऱ्या दिवशीच्या मोटारीत बसेल. मंद्रूपला मी सोमवारपासून बैलगाडी सांगून ठेवतो.